पाणी बाहेर न टाकणारे वॉशिंग मशीन आणि दोन फिल्टर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात, सात मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचे हे प्रकरण आहे. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि महाविद्यालयात शिकणारा नातू आहेत. मी त्यांच्या शेजारी राहतो. घडले त्यातील बरेचसे माझ्यासमोर घडले आणि कुटुंबाच्या संमतीनेच ते येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मशीनच्या कंपनीचे नावही दिलेले नाही, कारण ही अडचण समोरून दार असलेल्या कोणत्याही मशीनमध्ये येऊ शकते.

मशीन ७ किलो क्षमतेचे, फ्रंट लोड प्रकारचे आणि सात वर्षांचे होते. वॉरंटी केव्हाच संपली होती आणि वार्षिक देखभालीचा करार दोन वर्षांपूर्वी नूतनीकरण न केल्यामुळे बंद पडला होता. ते स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, भिंतीला जवळजवळ टेकून ठेवलेले होते. आठवड्यातून चार-पाच वेळा ते लावले जाई आणि कपडे नेहमी थंड पाण्यात धुतले जात.

पाण्याची परिस्थिती या प्रकरणात महत्त्वाची आहे. इमारतीला एरवी महापालिकेचे पाणी मिळते, परंतु मार्चअखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत बोअर आणि टँकर यांच्यावर भिस्त असते. काळ्या कातळातून येणारे बोअरचे पाणी जड असते, आणि टँकरच्या पाण्याबरोबर बारीक गाळ येतो. सोसायटीने त्या उन्हाळ्यात करून घेतलेल्या तपासणीत पाण्याची एकूण कठीणता लिटरला ४२० मिलिग्रॅम आली होती. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ही मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे पाणी पिण्यास निषिद्ध नव्हते, पण साबण आणि यंत्रे यांना जाचक होते. शिवाय घर वरच्या मजल्यावर असल्याने गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा जेमतेम साडेतीन मीटर उंच होती. अनेक मशीनना किमान ०.३ बार इतका दाब लागतो आणि तो मिळण्यासाठी सुमारे तीन मीटर उंची हवी. या घरात दाबाची शिल्लक अशी नव्हतीच.

पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. अशा मशीनमध्ये घरच्या घरी साफ करण्याचे फिल्टर दोन असतात. पहिला म्हणजे मागच्या बाजूला, जिथे नळाची नळी मशीनला जोडलेली असते तिथे, आत बसवलेली बोटाच्या पेराएवढी जाळी. ती येणाऱ्या पाण्यातील गाळ अडवते. दुसरा समोर, तळाशी, एका छोट्या झडपेमागे असतो. त्याचे गोल झाकण फिरवून बाहेर काढता येते. हा पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या अगदी आधी बसवलेला असतो आणि कपड्यांतून निघालेली नाणी, पिना, केस, दोरे पंपात जाऊ नयेत म्हणून अडवतो. एक पाणी आत येण्याच्या वाटेवर आहे, दुसरा बाहेर जाण्याच्या. या कुटुंबाला पहिला ठाऊक होता. दुसऱ्यासमोरची झडप सात वर्षांत कोणी उघडलेली नव्हती.

समस्या

एप्रिलच्या मध्यापासून मशीनला पाणी भरायला वेळ लागू लागला. सव्वा तासाचा कार्यक्रम दोन तासांवर गेला आणि एके दिवशी पाणी पुरेसे येत नसल्याची सूचना दाखवून मशीन थांबले. सोसायटीच्या प्लंबरने नळी सोडवून आतली जाळी दाखवली. तिच्यावर तपकिरी गाळाचा थर आणि कडेने पांढरे कीट होते. त्याचा सल्ला असा होता की जाळी काढूनच टाकावी, म्हणजे पाणी जोरात येईल आणि पुन्हा त्रास होणार नाही. दादांनी, म्हणजे आजींच्या मुलाने, तो मानला नाही. त्यांनी जाळी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून अर्धा तास भिजवली, जुन्या टूथब्रशने घासली आणि परत बसवली. मशीन पूर्ववत चालू लागले.

हा निर्णय माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय होता, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जाळी काढली की पाणी खरोखरच जोरात येते. पण मग गाळाचे कण थेट पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये जातात. त्या व्हॉल्व्हच्या पडद्याखाली एखादा खडा अडकला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही आत पाणी झिरपत राहते. घरात कोणी नसताना नळ उघडा राहिला असेल तर काय होईल, याची कल्पना करता येते. जाळी तुंबणे हे जाळी आपले काम करत असल्याचे लक्षण आहे.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात घरच्या एका लग्नाहून सगळे परतले आणि पुढचे दोन दिवस मशीन जवळजवळ अखंड चालले. रविवारी सकाळी चादरी आणि टॉवेल लावले असताना धुणे झाले, पण पिळणे सुरू होईना. आत अर्ध्या काचेपर्यंत साबणाचे पाणी होते, दार कुलूपबंद होते आणि पडद्यावर पाणी बाहेर जात नसल्याचा संकेत दिसत होता. हा संकेत कंपनीगणिक वेगळा असतो : एलजीच्या मशीनवर तो 'ओई', सॅमसंगच्या अलीकडच्या मशीनवर '५सी', तर बॉशच्या अनेक मशीनवर 'ई१८' असा दिसतो. अर्थ एकच, की ठरलेल्या वेळेत पाणी उपसले गेले नाही.

ताईंनी, म्हणजे सूनबाईंनी, मशीन बंद करून पुन्हा लावले आणि फक्त पिळण्याचा कार्यक्रम निवडला. तळाकडून घूंऽऽ असा दबका आवाज येत राहिला, पण पाणी हलले नाही. थोड्या वेळाने पुन्हा तोच संकेत आला.

चुकीच्या वाटेवर गेलेले पहिले निदान

ताईंनी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. तिथून पहिलाच प्रश्न आला : "मॅडम, फिल्टर साफ केला आहे का?" ताईंनी सांगितले, "हो, मागच्याच महिन्यात केला." उत्तर प्रामाणिक होते. पण तो फिल्टर मागचा होता आणि प्रश्न पुढच्याबद्दल होता. पलीकडच्या माणसाने मग साहजिकच तो मुद्दा सोडला, पंप बिघडला असण्याची शक्यता वर्तवली आणि चार दिवसांनंतरची वेळ दिली.

चार दिवस ओल्या चादरी आत ठेवणे शक्य नव्हते, म्हणून ओळखीतून एका स्थानिक तंत्रज्ञाला बोलावले. त्याने मशीन चालू करून आवाज ऐकला, त्यालाही फिल्टर साफ केल्याचे सांगण्यात आले, आणि मशीनला हात न लावताच त्याने निर्णय दिला : "ताई, पंपाची मोटर गेली. बदलावी लागेल." पंप आणि मजुरी मिळून साडेतीन हजार रुपये आणि सुटा भाग सोमवारी आणू, असे त्याचे म्हणणे होते. तो माणूस लबाड होता असे मला वाटत नाही. त्याला मिळालेल्या माहितीवरून त्याने सर्वांत शक्य वाटणारे कारण सांगितले. मात्र झडप उघडून पाहण्यास दोन मिनिटे लागली असती.

विचारात घेतलेले पर्याय

दुपारी घरात चर्चा झाली तेव्हा मी तिथे होतो. दादांचा कल नवे मशीन घेण्याकडे होता. मशीन सात वर्षांचे झाले आहे, एकदा पंप गेला की पुढे बेअरिंग जाईल, मग आणखी काही; त्यापेक्षा जुने देऊन नवे घ्यावे, असे ते म्हणत होते. ताईंना पंप बदलणे योग्य वाटत होते. आजींचे म्हणणे असे की आत काय झाले आहे ते पाहिल्याशिवाय एक रुपयाही कोणाला देऊ नये. नातवाने इंटरनेटवर शोधून असे सांगितले की आधी सांडपाण्याची नळी दुमडली आहे का ते पाहावे.

मी आवाजाकडे लक्ष वेधले. पंपाच्या मोटरचे वेटोळे जळले असते तर बहुधा काहीच आवाज आला नसता. घूंऽऽ असा आवाज येतो आहे म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचते आहे, मोटर फिरू पाहते आहे आणि तिला फिरता येत नाही. तिची पाती कशात तरी अडकली असतील किंवा पुढची वाट पूर्ण बंद असेल. याने पंप निर्दोष ठरत नाही, कारण आतला भाग झिजून घट्ट झाला तरी असाच आवाज येऊ शकतो. पण पंप बदलण्याआधी तो उघडून पाहिला पाहिजे, एवढे तरी यातून निश्चित होते.

याच टप्प्यावर दोन फिल्टरांचा घोटाळा उघडकीस आला. "फिल्टर साफ केलाच आहे," असे दादा म्हणाले, तेव्हा कुठला ते मी विचारले आणि त्यांनी मशीनच्या मागे बोट दाखवले.

मग पर्यायांची मांडणी बदलली. नवे मशीन घेणे आणि पंप बदलणे हे दोन्ही खर्चाचे, आणि केल्यावर मागे न फिरवता येणारे निर्णय होते. नळी तपासणे, सांडपाण्याचे भोक तपासणे आणि पुढचा फिल्टर उघडणे यांना काहीच खर्च नव्हता आणि त्यांतून काही निष्पन्न झाले नाही तरी बाकीचे पर्याय तसेच शिल्लक राहणार होते. त्यामुळे आधी बिनखर्चाच्या तीन गोष्टी, त्यांनी काम झाले नाही तर सेवा केंद्राच्या माणसाची वाट पाहणे, आणि पंपाचा निर्णय त्याने उघडून पाहिल्यावरच घेणे, असे ठरले. नव्या मशीनचा विषय दादांनी स्वतःच बाजूला ठेवला.

प्रत्यक्ष कृती

प्रथम मशीनचा प्लग काढला आणि नळ बंद केला. केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण पुढे ओल्या हातांनी पंपाजवळ काम करायचे असते. पाणी थंड होते, त्यामुळे थांबावे लागले नाही. ६० अंशांवर धुणे लावलेले असते तर ते निवेपर्यंत झाकणाला हात लावणे धोक्याचे ठरले असते.

मशीन थोडे पुढे ओढून मागची नळी पाहिली. ती दुमडलेली नव्हती. न्हाणीच्या भोकात बादलीभर पाणी ओतले, ते सरळ निघून गेले. दोन शक्यता अशा रीतीने पाच मिनिटांत बाद झाल्या.

पुढची झडप नखाने उघडेना, म्हणून चमच्याची दांडी घालून ती उचकटली. आत गोल झाकण आणि त्याच्या शेजारी, टोकाला बूच असलेली बोटाएवढी काळी नळी होती. अनेक मशीनमध्ये ही नळी आणीबाणीत पाणी काढण्यासाठीच दिलेली असते. ती नसलेल्या मशीनमध्ये मागची सांडपाण्याची नळी जमिनीलगत बादलीत किंवा परातीत सोडून पाहता येते. फिल्टर पूर्ण बंद नसेल तर त्या मार्गानेही बरेच पाणी उतरते. येथे छोटी नळी होती, पण झडप जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर असल्याने खाली बादली बसत नव्हती. आजींनी पोळ्यांची कणीक मळण्याची परात काढून दिली. परात भरली की बूच लावायचे, पाणी न्हाणीत ओतायचे, पुन्हा बूच काढायचे, असे करत दहा-बारा लिटर पाणी निघाले. हे काम कंटाळवाणे असते. पण ते टाळून सरळ झाकण फिरवले, तर तेवढेच पाणी एकदम जमिनीवर येते. झाकण उघडण्याआधी आतले पाणी काढणे, ही या कामातील एकमेव पायरी आहे जी वगळली तर लगेच पश्चात्ताप होतो.

झाकण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचे असते. सात वर्षांच्या कीटामुळे ते जागचे हलेना. दादांनी पक्कड आणली. मी त्यांना आधी गरम पाण्यात पिळलेले फडके दहा मिनिटे झाकणावर दाबून धरण्यास सांगितले, कारण झाकणाची मूठ प्लॅस्टिकची असते आणि ती तुटली तर मग पंपाचा पुढचा भागच बदलावा लागतो. फडके धरल्यावर झाकण थोडे हलले. पाव फेरा, मग थांबून पाणी वाहू देणे, मग पुन्हा पाव फेरा, अशा पद्धतीने ते बाहेर आले. शेवटी थोडी पक्कड वापरावी लागलीच आणि मुठीच्या कडेचा टवका निघाला, पण मूठ शाबूत राहिली.

झाकणाला जोडलेली जाळीदार दांडी ओळखू येत नव्हती. तिच्याभोवती राखाडी, बुळबुळीत गोळा तयार झाला होता आणि त्याला कुबट वास येत होता. ताई तो सरळ कचऱ्यात टाकणार होत्या. आजींनी त्यांना थांबवले आणि गोळा जुन्या वर्तमानपत्रावर काडीने पसरवला. त्यात लांब केसांची एक जाड बट होती, टॉवेलचे दोरे होते, दोन रुपयांचे नाणे होते, चार-पाच टिकल्या होत्या, आणि फुगून पांढरे पडलेले तांदळाचे मूठभर दाणे होते. काही दाण्यांवर अजून कुंकवाचा गुलाबी डाग होता. लग्नात वाटलेल्या अक्षता नातवाच्या झब्ब्याच्या खिशात आणि शालींच्या घड्यांत राहून मशीनमध्ये आल्या होत्या. बाकीचा राखाडी चिकटा म्हणजे न विरघळलेली कपडे धुण्याची पावडर आणि जड पाण्यातील क्षारांबरोबर तिचा झालेला साका होता.

पण पंप अडकण्याचे कारण यात नव्हते. ते आत होते. नातवाने मोबाइलच्या उजेडात पोकळीत पाहिले तेव्हा पंपाच्या पात्यांजवळ काही चमकताना दिसले. ब्लाउजचा एक हूक पाते आणि भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखा बसला होता. तो बारीक चिमट्याने काढला. फिल्टर जागेवर असताना हूक आत कसा गेला, असा प्रश्न ताईंनी विचारला. दांडीच्या फटी रुंद असतात आणि आडवी अडकणारी बारीक वस्तू उभी आली तर त्यांतून सटकते. शिवाय दांडीभोवती गोळा जमला की पाणी उरलेल्या एखाद्या फटीतूनच जोरात ओढले जाते आणि हलक्या वस्तू त्याबरोबर जातात. फिल्टर पंपाचे रक्षण करतो, पण तो मोकळा असेल तोवरच.

हूक निघाल्यावर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पाते फिरवून पाहिले. ते सलग न फिरता टप्प्याटप्प्याने, अडखळल्यासारखे फिरले. दादांना वाटले की पंप खराब आहे. वस्तुतः या पंपांच्या आत चुंबक असते आणि त्याच्या ओढीमुळे पाते हाताने फिरवताना असेच झटके घेत फिरते. हे माहीत नसते तर सगळे काम झाल्यावरही त्यांनी पंप बदलून घेतला असता. अजिबात न फिरणे किंवा सैल होऊन डगमगणे, ही काळजीची लक्षणे आहेत.

झाकण, दांडी आणि पोकळीची कड ब्रशने आणि साध्या पाण्याने साफ केली. ॲसिड किंवा ब्लीच काहीच वापरले नाही. कीट काढण्यासाठी लिंबूसत्त्व चालते, पण ते आणि क्लोरीनचे ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. बंद बाल्कनीत तो प्रयोग कोणी करू नये.

झाकण परत बसवून लगेच मशीन लावण्याऐवजी पावडरच्या खणातून दोन लिटर पाणी ओतून पाहिले. झाकणाच्या खालच्या कडेला एक थेंब जमला, मग दुसरा. झाकण आणखी आवळावे, असे दादांना वाटले. ते न करता उरलेले पाणी छोट्या नळीने पुन्हा परातीत काढले, झाकण उघडले आणि त्याचे रबराचे कडे बोटाने चाचपले, तेव्हा त्यावर एक केस आडवा चिकटलेला सापडला. तो काढून झाकण नुसत्या हाताने बसवल्यावर गळती थांबली. गळती दिसली की आवळणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. पण कड्यावर काही अडकलेले असताना आवळले तर कडे कायमचे दबते आणि आटे खराब होतात.

प्लग लावला, नळ उघडला आणि फक्त पाणी काढून पिळण्याचा कार्यक्रम दिला. पंप सुरू झाला, चादरींतले पाणी निघून गेले आणि पिळणे पूर्ण झाले. तंत्रज्ञाला आणि सेवा केंद्राला त्याच संध्याकाळी फोन करून नको म्हणून कळवले.

परिणाम

पंप बदलावा लागला नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मशीन एकदाही पाणी न उपसता थांबले नाही. महिन्याभराने पुढचा फिल्टर पुन्हा उघडला तेव्हा त्यात थोडे दोरे, केस आणि एक टाचणी एवढेच होते आणि पाणीही पेलाभरच निघाले, कारण आता पंप दर वेळी पूर्ण उपसत होता.

वास मात्र लगेच गेला नाही. दोन-तीन आठवडे कपड्यांना मंद कुबट वास येत राहिला आणि फिल्टर नीट साफ झाला नाही की काय, अशी शंका ताईंना आली. वासाचे मूळ दुसरीकडे होते. दाराच्या राखाडी रबराची खालची घडी उलटून पाहिली तेव्हा तिथे काळी बुरशी आणि तोच राखाडी चिकटा सापडला. ती घडी पुसून काढल्यावर, आणि रिकामे मशीन ६० अंशांवर एकदा चालवल्यावर वास गेला. नेहमी थंड पाण्यातच धुतल्याने पावडरचे अवशेष आणि मळ आतल्या भागांवर साचत जातात.

कायमचा बदल झाला तो वर्तमानपत्रावर पसरलेल्या त्या गोळ्यामुळे. त्यातली प्रत्येक वस्तू घरातल्या एका सवयीकडे बोट दाखवत होती. मशीनमध्ये हाताने कपडे धुण्याची पावडर, तीही मोठ्या मापाने, घातली जात होती, कारण फेस दिसला नाही तर कपडे स्वच्छ झाल्यासारखे आजींना वाटत नसे. आता फ्रंट लोडसाठीचे, कमी फेसाचे द्रावण मापाने घालतात. पाणी जड असल्याने माप अगदी कमी करून चालत नाही, पण पूर्वीच्या निम्म्याने भागते. ब्लाउज हूक लावून, उलटे करून, जाळीच्या पिशवीत जातात. खिसे तपासण्याचे काम आधी ताईंकडे होते. आता ज्याचा कपडा त्याने खिसा तपासायचा, असा नियम आजींनी केला आणि तो नातवालाही लागू आहे.

देखभालीचे वेळापत्रक ठरले ते असे : पुढचा फिल्टर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी दोन महिन्यांतून एकदा; मागची जाळी टँकर सुरू झाल्यावर दर महिन्याला आणि पाऊस लागल्यावर एकदा. झडपेच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर शेवटची तारीख लिहिलेली असते.

पाण्याच्या दाबाचा प्रश्न सुटलेला नाही. टाकीची उंची बदलता येत नाही आणि जाळी थोडी जरी भरली तरी या घरात ते इतरांच्या आधी जाणवते. खालच्या मजल्यांवर तीच जाळी दुप्पट काळ तुंबली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. सोसायटीच्या बैठकीत दादांनी टाकीतला गाळ मेच्या सुरुवातीलाच काढण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला आहे.

निर्णयाचे क्षण आणि काय वेगळे करता आले असते

पहिला क्षण एप्रिलचा. जाळी साफ करताना मशीनची पुस्तिका उघडली असती तर दुसऱ्या फिल्टरची माहिती तेव्हाच मिळाली असती. पुस्तिका कपाटात होती. पाणी येण्याची अडचण सुटल्यावर देखभाल पूर्ण झाली असे सर्वांनी मानले. त्या काळात कपडे पिळून निघूनही नेहमीपेक्षा ओले असत, हे ताईंना नंतर आठवले. पंप पूर्ण जोराने उपसत नसल्याचे ते चिन्ह होते, पण पाणी सावकाश भरते आहे याच तक्रारीखाली ते झाकले गेले.

दुसरा क्षण सेवा केंद्राच्या फोनचा, आणि माझ्या मते निर्णायक तोच. "फिल्टर साफ केला का?" हा प्रश्न अपुरा आहे. "समोर खाली जी झडप आहे ती उघडून गोल झाकण काढले होते का?" असे विचारले असते तर ताईंनी नाही म्हटले असते आणि प्रकरण तिथेच निम्मे संपले असते. विचारणाऱ्याची जबाबदारी येथे अधिक आहे, कारण दोन फिल्टर असतात हे त्याला ठाऊक असते. तरी ग्राहकालाही एवढे करता येते, की "मागची, नळाजवळची जाळी साफ केली" असे जागेसह सांगावे.

तिसरा क्षण तंत्रज्ञाच्या निदानाचा. त्याला "समोरचे झाकण एकदा उघडून दाखवा" असे म्हणण्याचा संकोच घरात सर्वांनाच वाटला. तपासणीचे शुल्क वेगळे द्यावे लागले असते, तरी ते देऊन उघडून पाहणे हा योग्य मार्ग होता. ज्यांच्या गुडघ्यांना किंवा पाठीला जमिनीवर बसून काम करणे झेपत नाही, त्यांच्यासाठी तर तोच मार्ग आहे. सर्वांनी हे काम स्वतःच केले पाहिजे असा माझा आग्रह नाही. निदानाच्या आधी ते कोणीतरी केलेले असावे, असा आहे.

पक्कड वापरण्याच्या बाबतीत फडके आणखी दहा मिनिटे ठेवायला हवे होते. झाकणाचा टवका किरकोळ दिसतो, परंतु पुढच्या वेळी पकड तिथेच बसणार आहे. सुटे झाकण बहुतेक कंपन्यांच्या सेवा केंद्रांत मागवता येते आणि रबराच्या कड्यासह ते एकदा बदलून घ्यावे, असे मी दादांना सुचवले आहे.

पंप आज चालतो आहे म्हणून तो कायम चालेल असे नाही. फिल्टर मोकळा, नळी सरळ, पाते हाताने फिरते आहे, आणि तरीही मशीन पाणी उपसत नाही; किंवा मशीन लावताच घरातला विजेचा ब्रेकर पडतो; किंवा झाकण कोरडे असताना खालून पाणी येते; यांपैकी काही दिसले तर घरच्या घरी करण्यासारखे काही उरत नाही आणि त्या वेळी तंत्रज्ञालाच बोलवायचे, हे कुटुंबात ठरले आहे. तेव्हा फोनवर काय सांगायचे तेही झडपेच्या आतल्या चिकटपट्टीवर, तारखेच्या खाली, ताईंनी लिहून ठेवले आहे : समोरचा फिल्टर अमुक दिवशी उघडला, मागची जाळी अमुक दिवशी.